सड्यावरचं गवत आणि १० फुटांचा ठराव

वणवा लागला की आमच्या देवगडच्या बाजूला पहिला प्रश्न ठरलेला, "कोणी पेटवल्यान?" पाणी कुठे आहे, आग झोडायला टहाळे (पाल्याच्या फांद्या) कोण तोडतंय, गोठ्यातली गुरं सोडली का, हे सगळं नंतर. गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या आंब्याच्या बागेत आग शिरली तेव्हा मी पण धावता धावता हेच ओरडत होतो, आणि त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही, मिळणारही नाही.

झालं असं की दुपारचे साडेबारा वाजले असतील, मी जेवायला घरी आलेलो, फवारणीचे गडी पण सावलीला बसलेले. सकाळी मतलई होती म्हणजे वारा डोंगराकडून समुद्राकडे, त्यामुळे सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, पलीकडच्या टोकाला धूर दिसत होता तो तसाच समुद्राकडे चाललेला, आणि आम्ही बघून सोडून दिलं, म्हटलं जाईल तिकडेच विझून. मग वारा फिरला. दुपारचा खारा वारा, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे, सुटला की काय होतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पंधरा-वीस मिनिटांत ती आग कंबरभर करडातून, म्हणजे सुक्या गवतातून, माझ्या गडग्यापर्यंत, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणापर्यंत आली, आणि आवाज असा की कुणीतरी मोठी ताडपत्री फाडतंय. गडगा चिऱ्याचा, त्याला काय होणार, पण गडग्याच्या आत कलमांखाली पातेरा, म्हणजे वाळका पाला, पडलेला आणि तो मी काढलेला नव्हता. ठिणग्या गडग्यावरून उडाल्या आणि पातेऱ्यात पडल्या.

माझी १२० कलमं, त्यातली ३८ शेकली. जळली असं म्हणत नाही कारण पहिल्या दिवशी झाड हिरवंच दिसतं, तुम्हाला वाटतं वाचलं. तिसऱ्या दिवशी पानं तांब्याच्या भांड्यासारखी होतात, अंड्याएवढा आंबा होता तो सगळा खाली, आणि आठवड्याने बुंध्यावर टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. ही कलमं माझ्या वडिलांनी कातळात सुरुंग लावून खड्डे काढून, त्यात टोपल्यांनी माती वाहून नेऊन लावलेली. जाऊ दे, तो विषय निघाला की मी भरकटतो.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. तलाठी भाऊ आले (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात तलाठीच बसलंय), झाडं मोजली, फोटो काढले, सह्या घेतल्या. विम्याचं विचारलं तर ते बिचारे म्हणाले, दादा तुमच्या फळपीक विम्यात अवेळी पाऊस आहे, कमी तापमान आहे, जास्त तापमान आहे, वारा आहे, वेगळा हप्ता भरला तर गारपीट पण आहे, आग नाही. मी दरवर्षी हप्ता भरतो आणि हे मला त्या दिवशी कळलं. वनखात्याचा माणूस आला, चांगला माणूस होता, म्हणाला ही जागा खाजगी, आमच्या हद्दीत असती तर वन कायद्याचं कलम २६ लावलं असतं. पोलिसांनी सांगितलं, आग लावून नुकसान करणं हा गुन्हा आहेच, आधी भादंवि ४३५ होतं आता न्याय संहितेत ३२६ आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा, फक्त नाव सांगा. नाव कुठून आणू? शिकारीवाले असतील, कुणी बिडी टाकली असेल, तारा घासल्या असतील, कुणाची भाजावळ, म्हणजे शेतात पालापाचोळा भाजणं, हाताबाहेर गेली असेल. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं फुटतं असं अजून मानणारे पण आहेत आमच्यात.

मग कुणीतरी शहाण्याने मोबाईलवर महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधाचा कायदा काढला. वाचला आम्ही, खरंच वाचला. त्यात इमारती आहेत, इमारतीतली आग विझवायची यंत्रणा आहे, ती चालू आहे असा फॉर्म ब जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असं सगळं नीट आहे. पण आमच्या सड्याचा फॉर्म ब कोण भरणार! तेव्हा डोक्यात आलं की हे आपल्यालाच लिहायला लागणार, ग्रामपंचायतीत.

१ मेच्या ग्रामसभेत मी विषय मांडला. कागदावर लिहून आणलेलं, वणवा लावणाऱ्याला २५ हजार दंड, दाखले बंद, आणि असंच बरंच काय काय, रागात लिहिलेलं. लोक माना डोलवत होते. आणि मागे बायकांच्या बाजूने आमच्या वाडीतली एक काकी उठली, वय पंच्याहत्तर तरी असेल, तिने एवढंच विचारलं, "बाबा, तुझ्या वरकसातला गवात कोणी कापल्यान गेल्या वर्षी?"

मी गप्प. कारण कुणीच नाही. मी २०२० साली लॉकडाऊनमध्ये डोंबिवलीहून गावी आलो आणि तेव्हापासून बाग बघतो, पण बागेच्या वरची साडेतीन एकर वरकस, म्हणजे गवताची हलकी जमीन, तशीच पडून. तिथलंच करड पेटून माझ्या गडग्याला लागलं होतं. काकी पुढे म्हणाली, "तुझो बापूस डिसेंबरात सगळो सडो कापून घेई. गुरां हुती तेव्हा." आणि खाली बसली.

माझी गंमत करायला नाही बोलली ती. तिच्या बोलण्यात सगळं आलं, मलाच उशिरा कळलं. पूर्वी प्रत्येक घरात पाच-सहा गुरं, मांगराला (शेतातल्या खोपटाला) गवताचं शाकार म्हणजे छप्पर, त्यामुळे दिवाळीनंतर सड्यावर गवतासाठी भांडणं व्हायची, माझ्या हद्दीतलं कापलंस म्हणून. आता वाडीत ३१ घरं आणि त्यातल्या चार घरांत गुरं, छपराला पत्रा नाहीतर कौल, गवत फुकट दिलं तरी नेणारं कुणी नाही. ते उभंच राहतं आणि जानेवारीत वाळून तयार. आग लावणारे तेव्हा पण होतेच, माझ्या आजोबांनी स्वतः एकदा भाजावळीतून अर्धा सडा घालवलेला अशी घरातली गोष्ट आहे. फरक एवढाच की तेव्हा आगीला खायला काही शिल्लक नसायचं.

तर माझा दंडाचा कागद तिथेच दुमडला. ग्रामपंचायत अधिकारी पण हळूच म्हणाले की नुसत्या ठरावाने दंड बसत नाही, त्याला कायद्याचा आधार लागतो, कुणी वर तक्रार केली की उडेल. त्यापेक्षा काय करायचं ते लिहा आणि कोणी करायचं ते लिहा. पाच जणांची समिती झाली, त्यात मी, एक माजी पोलीस पाटील आबा, अंगणवाडीच्या ताई, एक काजू बागायतदार आणि ती काकी. काकीचं नाव सरपंच वहिनींनी घातलं, आणि बरं झालं.

पुढचे तीन महिने आम्ही काय केलं तर भांडलो. खरं सांगतो, नियम लिहिणं म्हणजे आधी भांडणं.

पहिलं भांडण भाजावळीवर. तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, भाजावळ आमच्याकडे मार्च ते मे चालते, कवळ (तोडलेल्या फांद्या), शेण, पातेरा जमिनीवर पसरायचा आणि पेटवायचा. काजूवाले म्हणाले सरळ बंदी करा, दापोलीचं कृषी विद्यापीठ पण सांगतंच की गादीवाफा (उंच वाफा) करा, तुसाची काळी राख घाला. आबा म्हणाले बंदी केलीत तर लोक लपून पेटवतील आणि लपून पेटवलेली आग सगळ्यात वाईट, कारण पळून जातात. मग वेळ ठरवू म्हटलं. मी लिहिलं, संध्याकाळी ५ नंतर, ऊन उतरल्यावर. काकीने मला वेड्यात काढलं. संध्याकाळी खारा वारा अजून पडलेला नसतो आणि दमलेला माणूस आग लावून घरी जाऊन झोपतो. पहाटे दव असतं, गवत नरम असतं, आणि अंधारात निखारा लांबून दिसतो. तेव्हा ठरलं की पहाटे ५ ते ८, आदल्या दिवशी वाडीच्या ग्रुपवर टाकायचं, दोन माणसं आणि दोन हंडे पाणी जवळ, आणि वारा फिरायच्या आत म्हणजे दहाच्या आत राख ढवळून थंड केलेली पाहिजे. ज्याला गादीवाफा करायचाय त्याला राईस मिलमधली राख ग्रामपंचायतीने एकत्र आणून द्यायची. गेल्या हंगामात ११ जणांनी ती घेतली.

दुसरी गंमत घरांच्या नियमाची. आमच्या वाडीतली एक मुलगी कॅलिफोर्नियात असते, तिला कुणीतरी हे सगळं सांगितलं तर तिने रात्री दोनला ग्रुपवर भलामोठा ऑडिओ टाकला. तिकडे २०१८ साली पॅराडाईज नावाचं गाव वणव्यात जवळजवळ सगळं गेलं, ८५ माणसं मेली, आणि तिकडे घराभोवती १०० फूट जागा साफ ठेवायचा नियम आहे, वणव्याच्या पट्ट्यात नवीन घर बांधायचं तर छप्पर, भिंती, हवेच्या जाळ्या कशा पाहिजेत याचा वेगळा बांधकाम नियम २००८ पासून आहे, आणि आता भिंतीला लागून पहिल्या ५ फुटांत पेटेल असं काहीच नको म्हणून २०२० साली कायदा केला तर त्याच्या बारीक नियमांवरून तिकडे पण वर्षानुवर्षं वाद. तिचं म्हणणं की घरं मोठ्या ज्वाळेने कमी आणि उडत आलेल्या ठिणग्यांनी जास्त जळतात, ठिणगी आधी कुठे बसते ते बघा.

मी हे मीटिंगमध्ये मोठ्या उत्साहाने सांगितलं, पाच फूट, काही नको, झाड नको, लाकूड नको. काकी म्हणाली, "म्हणजे खळां."

एकदम शांतता आणि मग सगळे हसायला लागले. खरंच की. शेणाने सारवलेलं, रोज झाडलेलं खळं घरापुढे असतंच आमच्याकडे, त्यात गवताची काडी दिसली तर सासू बोलायची. पण हल्ली बघा, पुढे पेव्हर ब्लॉक आणि मागे कुणी बघत नाही. मागच्या पडवीला लागून जळाऊ लाकडं रचलेली, पावळीखाली झावळ्या, सुकं गवत, नारळाची सोडणं, रिकामे आंब्याचे खोके. कौलांच्या पन्हळीत वर्षाचा पातेरा. आम्ही चौघं एका रविवारी ३१ घरं फिरलो, फक्त मागची बाजू बघितली, आणि २२ घरांत हे असंच होतं, माझ्या घरी पण. (बायको म्हणाली, मी दोन वर्षं सांगतेय. हो.) नियम लिहिला तो असा, घराच्या चारी बाजूंना सहा हात खळ्यासारखं ठेवायचं, लाकडं आणि खोके त्याच्या पलीकडे, पन्हळ आणि कौलं जानेवारी संपायच्या आत साफ. फूट लिहिलं की लोक टेप शोधत बसतात, हात लिहिलं की हाताने मोजतात.

होमस्टेचा मुद्दा थोडा चिघळला. सड्याच्या कडेला, समुद्र दिसतो म्हणून, तीन-चार जणांनी झापाच्या (विणलेल्या झावळ्यांच्या) छपराच्या खोल्या काढल्यात, पर्यटकांना आवडतं, रात्री शेकोटी पण करतात. एकाने मला तोंडावर विचारलं, तुम्हाला आमचा धंदा बघवत नाही का? मी पण चिडलो. शेवटी सरपंच वहिनींनी तोडगा काढला, ग्रामपंचायत ना हरकत दाखला देते त्यातच अटी टाकायच्या, भोवती साफ पट्टा, पाण्याची टाकी, गाडी आत जाईल एवढी वाट, आणि १ डिसेंबर ते पहिला पाऊस शेकोटी बंद. गाडीची अट महत्त्वाची, कारण माझ्या बागेच्या वेळी तालुक्याहून बंब आला होता पण आमच्या पाणंदीत तो वळेना, ड्रायव्हर उतरून बघून परत चढला. त्यात त्याची काय चूक, पाणंद आम्हीच दोन्ही बाजूंनी खाल्लीय.

आणि आता खरं दुखणं, सड्याचं. ठरवायला सोपं होतं, पाणंदीच्या दोन्ही बाजूंना आणि बागांच्या वरच्या अंगाने १० फूट जाळरेषा, म्हणजे गवत कापून, पातेरा ओढून, जमीन उघडी. नोव्हेंबर अखेर कापणी, जानेवारीत पुन्हा एक हात. पण कुणाच्या जमिनीत? जमीनमालकाने करायचं असं लिहिलं आणि सातबारे काढले. एका सातबाऱ्यावर ४३ नावं, त्यातले ११ वारलेले, बाकीचे विरारपासून बडोद्यापर्यंत, आणि गावात त्यातला एकही नाही. मालकाला नोटीस द्यायची तर कुठल्या मालकाला? आबा म्हणाले, "मेलेल्याक कोण नोटीस देतलो?"

यावर आम्ही महिना घालवला असेल. शेवटी असं लिहिलं की मालकाने नोव्हेंबरपर्यंत पट्टा काढला तर उत्तम, नाही काढला तर वाडी काढेल, त्याला मालकाची हरकत नाही असं धरलं जाईल, आणि पट्टा काढला म्हणून जमिनीवर कुणाचा हक्क लागणार नाही. हे शेवटचं वाक्य फार कामाचं ठरलं. मुंबईकरांचे फोन यायला लागले होते ना, आमच्या जमिनीत घुसताय का म्हणून. ते वाक्य वाचून दाखवलं की शांत. उलट मुंबई मंडळाने पेट्रोलचे पैसे दिले, गणपतीच्या वर्गणीतून.

यंत्रासाठी ग्रामपंचायतीकडे मागणी केली. वित्त आयोगाचा निधी दोन प्रकारचा, बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छता यातच घालायचा आणि अबंधित म्हणजे आराखड्यात बसेल तिथे. मी म्हटलं पातेरा काढणं ही स्वच्छताच आहे की! ग्रामपंचायत अधिकारी हसले पण लिहिलं नाही. अबंधितमधून दोन ग्रास कटर आणि एक ब्लोअर, वनखात्याची माणसं जाळरेषेचा पातेरा उडवायला वापरतात तसला.

१५ ऑगस्टला ठराव मांडला तर कोरमच नाही. १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते लागतं, आमच्याकडे झेंडावंदनाला दीडशे आणि सभेला सत्तेचाळीस. मग तहकूब सभा, तहकूब सभेला कोरम लागत नाही, तिथे मंजूर करता आला असता. पण आबाच म्हणाले, नको. सत्तेचाळीस जणांनी केलेला नियम बाकीचे पाळणार नाहीत. २ ऑक्टोबरपर्यंत थांबलो, घरोघर जाऊन सांगितलं, चहा ठेवला, भजी ठेवली, १३६ सह्या झाल्या. भज्यांचा वाटा किती ते मला विचारू नका.

नोव्हेंबरात कापणी सुरू झाली. ग्रास कटर चालवायला गावातली दोन पोरं शिकली, दिवसाला साधारण शे-सव्वाशे मीटर पट्टा व्हायचा, कातळावर कटरच्या नायलॉनच्या दोऱ्या तुटायच्या म्हणून पातं लावलं तर दगडावर ठिणगी! आग थांबवायला गेलेल्याने आग लावायची वेळ. म्हणून तिथे कोयत्यानेच. माझ्या वरकसातला पट्टा मी स्वतः कापला, सहा दिवस, हाताला फोड. काकी एकदा येऊन बघून गेली, काही बोलली नाही.

वनखात्याच्या त्या माणसाने अजून एक गोष्ट शिकवली. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचे ठिपके बघतं आणि नाव नोंदवलं की मोबाईलवर मेसेज येतो, फुकट. मी नोंदवलं. पण तो ठिपका ३७५ मीटरचा आणि उपग्रह आपल्या डोक्यावरून जाईल तेव्हाच, त्यामुळे मेसेज येईपर्यंत काकीने धूर बघून तीन फोन केलेले असतात. वनहद्दीतलं काही दिसलं तर १९२६ ला फोन, ते आता पोरांना पण पाठ आहे.

यंदा मार्चमध्ये रात्री नऊच्या सुमाराला शेजारच्या गावच्या हद्दीतून आग आली. कोणी पेटवल्यान, माहीत नाही, आणि या वेळी फारसं कुणी विचारलं पण नाही कारण प्रत्येकाला कुठे उभं राहायचं ते ठरलेलं होतं. पंचवीस माणसं टहाळे घेऊन पट्ट्यावर. आग पाणंदीच्या पट्ट्याला येऊन तीन ठिकाणी बसली, अक्षरशः बसली, दमलेल्या म्हशीसारखी. चौथ्या ठिकाणी ओलांडली. तिथे जेमतेम चाळीस फूट लांबीचा तुकडा कापायचा राहिला होता, दोन चुलत भावांची हद्दीची केस चालू आहे, दोघांनीही हात लावू दिला नव्हता. तिथून आत घुसून नऊ काजू गेले, चार एकाचे, पाच दुसऱ्याचे. दोघे शेजारी शेजारी उभे राहून विझवत होते, बोलत मात्र नव्हते.

आता पुन्हा नोव्हेंबर तोंडावर आलाय. एका ग्रास कटरचा कार्ब्युरेटर पावसाळ्यात पेट्रोल तसंच ठेवल्याने जाम झालाय, मेकॅनिक १,८५० म्हणतोय, आणि दुरुस्ती ग्रामपंचायतीने करायची का वाडीने हे ठरावात लिहायचं आम्ही सगळे विसरलो. पुढच्या सभेचा विषय क्रमांक ७ तोच आहे. भज्यांचं सामान यावेळी कोण आणणार ते अजून ठरलं नाही.